कॉम्प्युटर चालू होईस्तोवर

चाकणला सोपानरावांच्या, पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रेसशॉपमधला कॉम्प्युटर बटण दाबलं की आधी खोकायचा, मग घरघरायचा, मग पडद्यावर ठिपके गोल गोल फिरवत बसायचा. तो चालू झाल्याशिवाय मालाचं चलन निघत नसे आणि चलनाशिवाय सिद्धेशचा टेम्पो आकुर्डीला हलत नसे. म्हणून रोज सकाळी सिद्धेश चलन काढणाऱ्या दिपालीच्या टेबलासमोर स्टुलावर बसायचा आणि दोघं बोलायची. तळेगावचा ट्रॅफिक, त्याच्या आईचे गुडघे, भरल्या वांग्यात शेंगदाणे की खोबरं... सगळं निघायचं, फक्त तो एक विषय तेवढा निघत नसे. दिपालीचा जीव टांगणीला लागला होता. पण ठिपके फिरताहेत तोवर आशा होती.

आणि सोपानरावांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शादाबला बोलावलं.

शादाबने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! आत राखेचा ढीग आहे!"

"दर खंडेनवमीला पूजा करतो आमी," सोपानराव ऐटीत म्हणाले. "मशीन हाय म्हटल्यावर उदबत्ती नको व्हय?"

"पंख्याच्या जाळीत खोचायची असते का, शेठ? पंखा गुदमरला, मशीन तापलं, तापलं की रेंगाळणारच. त्यात हार्ड डिस्क म्हातारी, ती पण काठोकाठ भरलेली. आणि चालू होतानाच डझनभर प्रोग्राम दारात गर्दी करतात. हे काय, पत्रिका जुळवायचं..."

"ते राहू द्या!" दिपाली घाईने म्हणाली. सिद्धेश छताकडे बघू लागला.

शादाबने फुंकर मारली. सगळे शिंकले. जुनी डिस्क जाऊन पत्त्याच्या पानाएवढी एसएसडी बसली, नको ते प्रोग्राम गेले.

"दाबा बटण, ताई."

तिने दाबलं, जड बोटाने. सिद्धेश स्टुलावर टेकतोय तोच पडदा लख्ख उजळला.

"झालं?" त्याचा चेहरा उतरला.

"झालं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. फितूर प्रिंटरने चलनही लगेच ओकलं.

"निघ रं भावा," सोपानराव म्हणाले. "आता बसायचं काम न्हाई."

सिद्धेश चलन घेऊन दारापर्यंत गेला. तिथेच गर्रकन वळला, कानापर्यंत लाल. "आता रोज एवढाच वेळ मिळणार असेल तर... दिपाली, माझ्याशी लग्न..."

"करीन!"

वाक्य अजून त्याच्या तोंडातच होतं. शादाबच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर निसटला.

"आरं, मग बस की जरा!" सोपानराव ओरडले. "टेम्पो काय पळून चाललाय व्हय?"