डोळ्याच्या कडेला बेरेंदो

ताटलीच्या काठाला ती लाल मिरची होती, मिरीच्या दाण्याएवढी... होती आणि नव्हती. ऑर्तेन्सियाने सरळ पाहिलं की तिच्या जागी करडा डाग. नजर खिडकीकडे वळवली की मिरची पुन्हा हजर. तिने ती बोटांनी चाचपून उचलली, अंड्यांवर चुरडली — अगदी सावकाश, जणू आपल्याला कसली घाईच नाही.

"तेन्चा, आवर की! ऊन चढलं की बेरेंदो हरणं झाडाखाली जाऊन बसतात. मग माझं टक्कल बघत बसशील." धाकटा भाऊ कुको दारात किल्ल्या खुळखुळवत होता.

"ते कालपासून बघतेय. मस्त चमकतं."

त्याला सांगितलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जाणार, कडेची राहील, असं टूसॉनच्या डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी तिने गाडी शेजारणीला देऊन टाकली होती, कायमची. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई! कुकोला कळलं तर तो मागची खोली तिच्यासाठी रिकामी करेल, हात धरून चालवेल... म्हणून त्याला सांगितलं, गाडी बिघडलीय, एवढंच. बसने आले. पण आले — आणि आज जत्रेची सकाळ असल्यासारखं वाटत होतं.

आहो गाव मागे पडलं. चौकातल्या पांढऱ्या कमानी, दोन पांढरी चर्चं, आणि तांब्याच्या खाणीचा तो अजस्र खड्डा — त्याच्याच पोटात कुठेतरी आमची जुनी गल्ली आहे, आईचं अंगण आहे... बाबा खाणीतून येत ते लाल धुळीने माखून, आणि रविवारी आम्हाला गाडीच्या मागे बसवून याच खोऱ्यात आणत. बेरेंदो त्यांना स्वतःला एकदाच दिसला होता; त्यावर ते आयुष्यभर बोलले. मग दुष्काळ पडला, हरणं संपत आली, माणसांनी कुंपणात वाढवून पुन्हा सोडली. आता अभयारण्याच्या पाणवठ्यांवर कुको पाणी पोचवायला जातो. सीमेवरच्या चौकीतला शिपाई त्याला हात करतो — आजही केला असावा, कारण कुकोने हॉर्न वाजवला.

गाडी थांबली. वारा, तापू लागलेल्या झुडपांचा कडवट वास.

"ते बघ!" कुको कुजबुजला. दुर्बीण तिच्या हातात कोंबली. "दोन झाडांच्या मध्ये. दिसले?"

तिने दुर्बीण लावली. करडा डाग. आख्खं खोरं, आणि नेमकं मधोमध काहीच नाही. दिसले म्हणावं... म्हणून टाकावं... तेवढं म्हणायलाच तिने दुर्बीण खाली घेऊन तोंड कुकोकडे फिरवलं —

आणि कडेला काहीतरी निसटलं. बदामी अंगं, पांढरी ढुंगणं, जमिनीला जेमतेम टेकणारे पाय. पळत होते!

"अगं, माझ्याकडे काय बघतेस? तिकडे बघ, तिकडे!"

"बघतेय रे, गाढवा!" ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी. "तीन आहेत. मागचं पिल्लू आहे."

"दोनच आहेत." त्याने दुर्बीण घेतली. बराच वेळ शोधलं. मग ती हळूच खाली केली आणि तिच्याकडे पाहिलं — त्याच्यावर रोखलेल्या, पण त्याला न पाहणाऱ्या तिच्या डोळ्यांकडे.

"तेन्चा... कधीपासून?"

"शू. पळतायत अजून."

तिसरं खरंच होतं का? डॉक्टर म्हणाले होते, नजर गेली की मन कधी कधी स्वतःची चित्रं भरतं... असेल. मला दिसलं ते माझं. कुकोचा हात तिच्या कोपरावर आला होता. तिने तो झटकला नाही, धरलाही नाही. मान आणखी थोडी वळवली, हावरेपणाने — अजून काय काय असेल तिथे, कडेला, जिकडे मी उभ्या जन्मात कधी पाहिलंच नाही...