जास्तीचा एक

"घाऊक घेतलं की भाव उतरतो," असं म्हणत नणंदेने सॅम्पलचा तिसरा कपकेक उचलला. "पाचशे घेतेय मी. पाच नाही."

"उतरत नाही ताई. चढतो."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. गंमत करण्याइतकं सख्य आमच्यात कधी नव्हतं, पण फुकटचं खाताना माणूस जरा मोकळा होतो. तिच्या शेजारी तिची लेक बसली होती. लग्न हिचं, पण ही मोबाइलमध्ये डोकं घालून. बाहेरच्या खोलीत आमचे हे पेपर वाचत होते, मघापासून एकच पान.

मी नणंदेला नीट समजावून सांगितलं. माझ्याकडे ओव्हन एक. त्यात एका वेळी दोन ट्रे मावतात, म्हणजे चोवीस कपकेक. कुणाच्या वाढदिवसाचे वीस असले तर बाकीची कामं सांभाळून होतात. पाचशे करायचे तर आठवडाभराच्या इतर सगळ्या ऑर्डरी सोडायच्या, शेजारणीचा फ्रिज मागायचा, मदतीला बाई लावायची, आणि एवढं करून प्रत्येकावरचा क्रीमचा गुलाब काढायचा तो माझ्याच हाताने, कारण हात काही घाऊक मिळत नाहीत. कारखान्यात माल वाढला की खर्च उतरतो. घरात माल वाढला की झोपायच्या खाटेवरसुद्धा खोकी येतात.

हे सगळं तिने ऐकलं आणि विचारलं, "मग काय कमी करतेस?"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्यातून हे पहिलं नव्हतं. तिच्या घरचा प्रत्येक वाढदिवस माझ्या केकवर साजरा झालाय आणि एकदाही तिने पाकीट उघडलेलं मी पाहिलं नाही. घरचंच तर आहे, त्यात मैदा नि साखर, तुझं असं काय जातं, हे तिचं ठरलेलं. लोकांपुढे माझ्या कामाला ती 'तिचा छंद' म्हणते. यांची नोकरी गेल्यापासून आमचं घर त्या छंदावर चालतंय, हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण तसं म्हटलं तर आपल्या भावाची नोकरी गेली हेही म्हणावं लागेल, म्हणून ती छंदच म्हणते.

या वेळी मी ठरवलं होतं की पूर्ण भाव घ्यायचा. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या पोरीच्या लग्नात पहिल्या रांगेतली खुर्चीही हवी होती. लहानपणी प्रत्येक सुट्टीत ती आमच्याकडे यायची. ओट्यावर पाय हलवत बसायची आणि केक पुढे केला की आधी त्यात बोट खुपसून बघायची, मध्ये जॅम आहे का. नसला तर हात लावायची नाही. मला मूल झालं नाही. बोट खुपसलेले ते केक मी खाल्ले आणि मला त्यांचा कधी राग आला नाही. शेवटी जॅमच्या केकवर मी खुणेची एक निळी पाकळी काढायला लागले. आता भावावरून आईची आणि माझी जुंपलेली असताना तिने एकदा तरी मान वर करून 'आई, राहू दे ना' म्हणावं, एवढंच मला वाटत होतं. ती मिठाची गुळणी धरून बसली.

मी आकडा सांगितला. नणंदेने हातातला अर्धा कपकेक बशीत ठेवला.

"आपल्या माणसाला कोणी असा भाव लावतं?"

"आपल्या माणसाशी कोणी अशी घासाघीस करतं?"

बाहेर पेपरचं पान उलटलं. तेवढाच यांचा या चर्चेत सहभाग.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम गोड झाला, आणि तो गोड झाला की मी सावध व्हायला हवं, हे इतक्या वर्षांत मला कळायला नको? "मला गिऱ्हाईक समज. गिऱ्हाइकाला जे सांगतेस ते सगळं सांग. एक अक्षर सोडू नकोस."

माझं डोकं फिरलं होतं. मी खरंच एक अक्षर सोडलं नाही. परक्यांना फोनवर सांगून सांगून पाठ झालेलं सगळं तिला धडाधडा म्हणून दाखवलं. निम्मे पैसे आधी, उरलेले माल पोचताच. ठरला तेवढाच माल, ऐन वेळी वाढवून मिळणार नाही. माल मागच्या दाराने येईल. आणि पोचवून मांडणी करणाऱ्या माणसाच्या जेवणाची सोय मागेच, हॉलच्या स्वयंपाकघरात, करायची.

ती शेवटची अट मी कशी घातली तेही सांगते. एका लग्नात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी केकपाशी उभी होते आणि पाण्याचासुद्धा कुणी विचार केला नाही. घरी येताना जिन्यात चक्कर आली. तेव्हापासून ती अट. पण तिथे मी परकी होते. इथे ती म्हणायचं काय कारण होतं? आधीच्या अटींपाशी थांबता आलं असतं. जीभ घसरली असं म्हणण्यातही अर्थ नाही, मीच ती दामटली. तुम्ही मला परकी केलंत ना, मग घ्या, असं.

"मान्य," नणंद म्हणाली. निम्मे पैसे तिने तिथल्या तिथे मोजून ओट्यावर ठेवले. भाची उठली, जाताना "येते मामी" म्हणाली, आणि दोघी गेल्या.

यांनी पेपर घडी करून ठेवला. "शेवटचं ते जेवणाचं कशाला म्हणालीस?" एवढंच विचारलं.

लग्नाच्या दिवशी मागच्या दाराने खोकी आत नेली. मांडणीला वेळ लागला. खालच्या थराला रुंद ताट, मग त्याहून लहान, असे गुलाबांचे थर रचत वर गेले. पाचशे भरले. मग पिशवीतल्या वेगळ्या डब्यातून एक काढून सगळ्यात वर ठेवला. त्याच्या गुलाबाला एक पाकळी निळी होती, आणि मध्ये जॅम. तो ऑर्डरीत नव्हता. त्याचा भाव मी कुणाला सांगितला नव्हता आणि सांगणारही नव्हते. वाटलं, पोरगी बघेल आणि ओळखेल.

मग एप्रन काढला. आत नवे कपडे घालूनच आले होते. केस सारखे केले आणि पुढे हॉलमध्ये गेले.

गोल टेबलं होती, प्रत्येक खुर्चीसमोर नावाचं कार्ड. घरच्यांचं टेबल पहिलंच. यांचं कार्ड होतं आणि हे बसलेही होते. एका बाजूला यांचे थोरले भाऊ, दुसऱ्या बाजूला नवऱ्या मुलाचे काका. मी टेबलाभोवती एक फेरी मारली, काही शोधत नसल्यासारखी. मग दुसऱ्या टेबलाभोवती. यांनी मला पाहिलं आणि कार्ड उचलून उगीच वाचायला लागले, जसं त्यावर स्वतःच्या नावाखेरीज आणखी काही लिहिलेलं असेल.

नणंद जवळ आली. तिने उरलेल्या पैशांचं पाकीट माझ्या हातात दिलं. भरलेलं होतं, त्यात एक पै कमी नसणार याची मला खात्री होती.

"तुझं ताट मागे काढून ठेवलंय," ती हळूच म्हणाली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघींचं काय गूळपीठ आहे. "तूच सांगितलं होतंस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी वळले. मागे कुणीतरी बाई नणंदेला विचारत होती की एवढे सुंदर कपकेक कुणाकडून केले, आणि नणंद सांगत होती, "आहेत एक बाई. घरून ऑर्डरी घेतात." निदान छंद म्हणाली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या कामाला काम म्हटलं.

मागच्या स्वयंपाकघरात फोटोवाला आणि फुलवाला उभ्यानेच जेवत होते. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं, चांगलं गरम. मी ते घेतलं आणि भांडी घासणाऱ्या बाईशेजारी एक स्टूल होतं त्यावर बसले. जेवण सोडून निघून जावं असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, का म्हणून? अट माझी आहे. मी जेवायला लागले. चव कळत नव्हती, पण मी काही टाकलं नाही.

ताट संपत आलं तेव्हा वाढपी आत आला. त्याच्या हातात बशी होती आणि बशीत निळ्या पाकळीचा कपकेक.

"बाईंनी थर मोजून घेतले," तो म्हणाला. "एक जास्त आलाय म्हणे. ठरला तेवढाच माल, परत द्यायला सांगितलंय."

"नवरीने पाहिला का हा?"

"पाहिला की. तिच्याच हातात होता. आईने मागितला, तिने दिला."

तो बशी ठेवून गेला. दारातून पुढचा हॉल दिसत होता. हे पाठमोरे बसले होते आणि यांच्यापुढे कुणी तरी पाण्याचा ग्लास भरत होतं.

भांडी घासणारी बाई त्या बशीकडे बघत होती. सकाळपासून तिने शेकडो बशा धुतल्या असतील. मी तिला म्हटलं, घे. ती नको नको म्हणाली, मग हात कपड्याला पुसून तिने तो उचलला. गुलाब मोडायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने तो बाजूने दाबून अर्धा केला.

"अगं बाई," ती म्हणाली. "मध्ये जॅम आहे."

"हो," मी म्हटलं. मी उठले, माझं ताट तिच्या ढिगावर ठेवलं आणि खोकी घडी करायला लागले.