सरासरीचा धूर

तयार कपड्यांच्या कंपनीत ती धुराचा हिशेब करी, म्हणून सगळे तिला धूरमास्तरीण म्हणत. कंपनीच्या आवारात कपडे फक्त शिवले जात. तिथला स्वतःचा धूर म्हणजे एक जनरेटर आणि मालाच्या दोन गाड्या. खरा धूर बाहेरचा, कापड रंगवून देणाऱ्यांच्या बॉयलरचा. काम कंपनीचं, म्हणून तोही कंपनीच्याच नावावर मांडायचा. तो मोजायची रीत मोठी मजेशीर होती. रंगवणाऱ्यानं जळणाचा आकडा दिला तर तो धरायचा, नाही दिला तर सगळ्या धंद्याची सरासरी लावून मोकळं व्हायचं.

बाकीच्यांनी हात वर केले. आकडा दिला तो एकट्या तिच्या दादानं. त्याचा रंगाईचा कारखाना जुना आणि बॉयलर त्याहून जुना, त्यामुळे तोही आधी टाळतच होता. हिनंच त्याच्यामागे लकडा लावला. खरं सांगणाऱ्याला नवा बॉयलर घ्यायला कंपनी हात देईल, असं साहेब म्हणाले होते आणि हिला ते खरं वाटलं होतं. बहिणीचा शब्द म्हणून दादानं वर्षभर कोळसा काट्यावर तोलून घेतला.

आकडा सरासरीच्या दीडपट निघाला. तक्त्यात दादा सगळ्यांत काळा, आणि तोंड न उघडलेले बाकीचे धुतल्या तांदळासारखे.

ती साहेबांकडे गेली. बाकीच्यांचा धूर याहून जास्तही असेल, तो कुणी मोजलेलाच नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चहाही पाजला. दादाचं काम काढून घ्यायचं मात्र आधीच ठरलं होतं. निदान त्यालाही सरासरी लावा, असं ती शेवटी म्हणाली.

"हातात आलेला आकडा दडवायचा? हे तुम्ही म्हणता?" साहेबांनी विचारलं.

उरलेला चहा तसाच ठेवून ती उठली.

कारखाना बंद पडला, बॉयलर भंगारात गेला. दादानं तिला बोल लावला नाही. वहिनीनं मात्र तिचा फोन उचलणं सोडलं. पुढच्या वर्षी कंपनीचा धूर कागदावर घटला आणि सगळ्यांसमोर तिचं कौतुक झालं. टाळ्या ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. काम मिळालं म्हणाला. त्याच्या वाटणीचं कापड आता जो रंगवत होता त्याच्याकडेच, बॉयलरवर.

"कोळसा कसा आहे तिथला?" सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

"कोळसा कुठला गं. चिंध्या, जुने टायर, हाती येईल ते. डोळे नुसते चुरचुरतात." मग तो म्हणाला, "हे लिहून नको घेऊस हं. या वयात मला आणखी कोण ठेवील?"

नाही लिहीत, असं ती म्हणाली. रडायचीही सोय नव्हती, समोर सगळं ऑफिस बसलं होतं. त्या रंगवणाऱ्याच्या नावापुढे तिनं सरासरी भरली आणि खाली सही केली.