छकुलीची आंघोळ

गेल्या आठवड्यापर्यंत गॅसवर दूध उतू गेलं की माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, मोठ्यानं हसायच्या. बाळंतिणीचं ध्यान सारं पाळण्यात, म्हणून शेजारच्या बेबीताईंनाही सांगायच्या. आता दूध उतू गेलं तर त्या गुपचूप ओटा पुसतात.

माझी माय, रुखमाबाई, जळगाव जामोदला असते. पन्नाशीतच ती सगळं विसरली. मी गेले की विचारते, "बाई, तू कोणाची व?" तिला नागपूरला दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अभ्यासासाठी माझंही रक्त घेतलं. गेल्या आठवड्यात बोलावून त्यांनी समजावलं, की मेंदूतल्या पेशींची झीज सुरू होते तेव्हा तिच्या खुणा रक्तात सापडतात, आणि तशा थोड्या माझ्या रक्तात आहेत. आजार नाही. धोका जास्त. पंधरा-वीस वर्षांनी होईल, कदाचित कधीच होणार नाही.

मलकापूरला घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, आपल्या आईला हे नीट समजावून सांगितलं. सासूबाईंनी त्यातलं एवढंच धरलं, की सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या तान्ह्या छकुलीची मालीश, आंघोळ त्यांनी स्वतःकडे घेतली. तू आराम कर, म्हणाल्या. पाजायला तेवढी माझ्याकडे देतात आणि समोर बसून राहतात. रागवत नाहीत, हेच सोसत नाही. आणि खरं सांगायचं तर, कुलपाची किल्ली सापडेना की आता मलाही माय आठवते.

आज मी न्हाणीत पाट मांडून बसले.

"आई, पोरीले इकडे द्या. आज मी न्हाऊ घालतो."

"काऊन? मायाजवळ रडते का थे?"

"नाही."

"आन् पाणी कढत राह्यलं तं? तुया ध्यानातच नाही आलं तं?"

"मंग तुमी जवळ उभ्या राहा. पण आता मले सारं समजते न, आई. तिचं हसणं, तिच्या मांडीच्या वळ्या, सारं. पुढं नाही समजलं तं? आताच घालू द्या."

त्या बराच वेळ छकुलीला खांद्यावर थोपटत राहिल्या. मग तिला माझ्या पायांवर पालथी ठेवली. मी कढत पाण्यात विसण घातलं, हात बुडवून पाहिला. त्यांनीही बुडवला. पाणी बरोबर होतं. त्या मागे सरकून दारातच उभ्या राहिल्या. मी छकुलीच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला.