मुठीच्या आतलं अक्षर

मास्तरांनी जन्मभर सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे गणवेश शिवले. समारंभाला कमरेच्या पट्ट्याला लटकणारा शोभेचा खंजीर त्यांना कापडापेक्षा जास्त आवडायचा. एकेक जुना खंजीर गोळा करता करता बैठकीतलं कपाट भरून गेलं. बायको म्हणायची, भाजी चिरायला धड सुरी नाही आणि कपाटात अख्ख्या पलटणीची हत्यारं.

त्यातला हस्तिदंती मुठीचा खंजीर म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. आज त्याच्यावरच बेतलं होतं.

समोर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचे वडील अधिकारी होते. बदलीच्या धामधुमीत त्यांचा खंजीर चोरीला गेला, आणि तो हाच, असं त्यांचं म्हणणं होतं. खूण काय, तर वडिलांनी आईच्या नावाचं पहिलं अक्षर त्यावर गुपचूप कोरलं होतं. गणवेशाच्या वस्तूवर असलं काही चालत नसे, म्हणून ते मुठीच्या आत दडलेल्या पात्याच्या शेपटावर, वरिष्ठांच्या नजरेआड. हे सगळं आईनं सांगितलेलं. बाईंनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

मास्तर तावातावानं बोलून बसले होते, "अक्षर निघालं तर खंजीर तुमचा. नाही निघालं तर पुन्हा या दारात यायचं नाही."

बाकीचे सगळे खंजीर त्यांनी उघडून, तेल देऊन पुन्हा जोडले होते. हा एकच कधी उघडला नव्हता. मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी मुठीच्या टोकाला असलेल्या बोंडापेक्षा जरा जास्त पिवळी दिसायची, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. दोन-तीन खंजिरांचे भाग जुळवून एक केलेला माल बाजारात पुष्कळ येतो. पण उघडलाच नाही तर तो अस्सलच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांनी बोंडाभोवती फडकं गुंडाळलं आणि पिळलं. हललं नाही. आणखी जोर लावला तशी मूठ बारीकशी करकरली.

"तडकेल हं," बायको दारातून म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या बोलण्यानंच तडकेल."

बाई पुढे सरकल्या होत्या. मास्तरांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. पुसायला हात मोकळा नव्हता. मग एकदम आटे सुटले. बोंड निघालं, मूठ निघाली, पट्टी निघाली. बाईंनी चष्मा सारखा करून शेपूट उलटसुलट पाहिलं. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

तुम्हाला उगाच त्रास दिला, एवढं म्हणून बाई उठल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

मास्तरांनी मोठा श्वास सोडला आणि पुन्हा जोडायला म्हणून पट्टी उचलली. आतल्या अंगाला, पातं शिरतं त्या खाचेजवळ, एक वेडंवाकडं अक्षर होतं. त्यांनी पटकन पट्टीवर मूठ मिटली. ठरलं होतं ते शेपटाबद्दल, शेपटावर काही नव्हतं, मग शब्द कुठे मोडला? जिन्यावर बाईंची पावलं एकेक पायरी उतरत होती.

बायको त्यांच्याकडेच बघत होती. "हातात काय आहे?"

"काही नाही."

"मग उघडा की."

मास्तर उठले ते अनवाणीच जिन्याकडे धावले. "बाई, थांबा. शेपटावर नाही, इथे आहे."

बाईंनी अक्षरावरून नखाचं टोक फिरवलं, मग परत फिरवलं. त्यांनी विचारलं, "आणि बाकीचा?"

"बाकीचा कुणाचा ते देव जाणे. जुळवलेला निघाला. पण शब्द अख्ख्या खंजिराचा दिलाय. वर चला, घेऊन जा."

"दुसऱ्याचं नेऊन काय करू, मास्तर? माझं एवढंच." त्यांनी पट्टी रुमालात बांधली आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.

मास्तर टेबलाशी येऊन बसले. पात्यावर मूठ चढवली, बोंड फिरवलं. पट्टीच्या जागी बोटभर फट राहिली. बोंड कितीही आवळलं तरी मूठ शेपटावर खुळखुळतच होती.