मोकळ्या गल्लीतलं घर

हमरस्त्यावर टोल बसला आणि तो चुकवायला निघालेल्या गाड्या या अरुंद गल्लीत घुसल्या. दिवसभर रीघ. भिंतीतल्या कपाटातल्या बशा किणकिणायच्या. पुढच्या खोलीत सून कवळ्या बनवायची. मेणात बसवलेला दात तिच्या डोळ्यांदेखत हलायचा. अशाच एका टेम्पोने सासूबाईंना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच उडवलं; त्या जागीच गेल्या.

तेव्हा कुठे नगरपालिकेला जाग आली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना टोल कापणारे कॅमेरे लागले आणि गाड्या बाहेरच्या वळणरस्त्याकडे पळाल्या. गल्ली शांत झाली. दारोदारी कुंड्या आल्या, जागांचे भाव गगनाला भिडले. शेजारी एकेक करून विकून गेले. किराणा दुकानाच्या जागी कॉफीचं दुकान आलं.

बशा मात्र अजून किणकिणायच्या. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना.

"ती आली," जन्मभर बस चालवलेले सासरे म्हणायचे आणि पेपर बाजूला ठेवायचे. सून खाली मान घालून कवळीचे दात कानशीने घासत बसायची. ऐकू तिलाही यायचं, पण कबूल करायचा धीर होत नव्हता.

सुनेच्या नवऱ्याने घराला गिऱ्हाईक आणलं. एकटीच राहणारी, हसतमुख बाई. घर बघून निघताना तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"तुम्हीच दंड धरलात ना माझा?"

सून पार टेबलापलीकडे उभी होती.

"अशीच धरायची ती," सासरे म्हणाले. "मला, पोरांना, कुणालाही. शेवटी तिलाच धरायला कोणी नव्हतं."

सौदा फिसकटला असं नवऱ्याला वाटलं. पण बाईने घर घेतलं.

कर्ज फेडून उरलेल्या पैशात यांना परवडलं ते नेमकं वळणरस्त्यावरचं घर. गल्लीतून हटलेल्या सगळ्या गाड्या इथेच आलेल्या. धुरामुळे खिडकी उघडायची सोय नाही. बशा सकाळपासून वाजत असायच्या.

"यातली तिची चाहूल कुठली, कसं ओळखू?" सासरे म्हणाले. त्यांचं जेवण तुटलं.

एका दुपारी ते घरात दिसेनात. शोधत सून जुन्या गल्लीत पोचली, तर सासरे पायरीवर बसलेले, शेजारी ती बाई.

"रोज येऊ द्या त्यांना," बाई हळूच म्हणाली. "दुपारची मी एकटी असते. हे असले की भीती वाटत नाही."

सुनेने क्षणभर उघड्या दारातून आत पाहिलं.

"मी सोडत जाईन," ती म्हणाली. "पण बाबा, संध्याकाळी घरी यायचं."

सासरे उठले नाहीत. "तिला विचारून सांगतो," ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले.