टाचणी न लावता

“कुणाच्या घरातली पिशवी आहे ही? बोला की आता!” खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या.

पिशवी आमची होती. काळी, दोन गाठी मारलेली, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले माझे दोन दिवसांचे डायपर. कुत्र्याला गाठींशी काय देणंघेणं? त्यानं पिशवीचं पोट फाडून सगळा माल गल्लीभर मांडला होता. सकाळची आठची वेळ. शाळेची मुलं, दूधवाला, कामावर निघालेली माणसं, सगळी जमली होती.

“कुणाकडे बाळ आहे का?” दूधवाल्यानं विचारलं.

“एवढं मोठं?” मास्तरीणबाईंनी काठीच्या टोकावर एक उचलून दाखवला. “हे बाळ पेन्शन घेत असेल!”

अख्खी गल्ली खो खो हसली. मीही हसले. न हसून सांगते कुणाला? हसले आणि जे व्हायचं तेच झालं; घाईत डायपर न घालताच खाली उतरले होते. भिंतीला पाठ लावून तशीच उभी राहिले. तेवढ्यात आमचे हे फावडं आणि झाडू घेऊन खाली आले.

“व्हा बाजूला. मी भरतो. कुणाचं का असेना, गल्ली तर आपलीच आहे ना,” असं म्हणून त्यांनी मान खाली घालून सगळं गोळा केलं. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. रस्त्यात आडवं आलेलं काहीही शांतपणे बाजूला करायची सवय. वर आल्यावर त्यांनी हात धुतले, चहा टाकला आणि माझ्यासमोर कप ठेवला. त्या चहानं मला जास्त रडू आलं.

मी शिवणकाम करते. बत्तीस वर्षं एकाच दुकानात, खिडकीजवळच्या मशीनवर. कुणाची पँट सैल कर, कुणाचा कोट आवळ, बाही आखूड कर, हेम सोड. तिसऱ्या बाळंतपणापासून मला शिंकताना, हसताना थोडंसं व्हायचं. साठी उलटली तसा धरबंद राहिला नाही. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितले, ते मी इमानेइतबारे केले. निम्मं थांबलं, निम्मं राहिलं. त्या निम्म्यासाठी डायपर आले. उन्हाळ्यात मांड्या सोलून निघायच्या, चालताना कपड्यातून कागद चुरगाळल्यासारखा आवाज यायचा, आणि आपला आवाज आपल्यालाच लाऊडस्पीकरवर लावल्यासारखा ऐकू येतो हो. वर ती काळी पिशवी. प्रवासात ती टाकायची कुठे? म्हणून प्रवासच बंद.

आणि हसणं बंद. माझं हसू दोन दुकानं पलीकडे ऐकू जायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई आज खुशीत दिसतायत, म्हणजे आज काम वेळेवर मिळणार. आता मी ओठ मिटून हसायला शिकले होते, पासपोर्टच्या फोटोसारखी.

हे हसू मला ताईकडून मिळालं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी आम्हा दोघींना जेवायला शेजारी बसवायचे नाहीत, ताट सांडेपर्यंत हसायचो म्हणून. ती राहते नऊ तासांच्या अंतरावर, आणि मी चार वर्षं तिच्याकडे गेले नव्हते. कारण विचारलं की मी सांगायचे, गुडघा. माझा गुडघा ठणठणीत आहे, काही धाड भरलेली नाही त्याला. पण बहिणीला तरी कोणत्या तोंडानं सांगायचं?

गेल्या महिन्यात फोनवर ती म्हणाली, “धाकटे, आता मी मेल्यावरच ये. तेव्हा बरा होईल तुझा गुडघा.” आणि ठेवला फोन. मी पुन्हा लावला तर उचलला नाही. भाचेसून म्हणाली, “मावशी, त्या हल्ली कुणाशीच धड बोलत नाहीत. खोलीतून बाहेरसुद्धा येत नाहीत.”

गल्लीत तमाशा झाला त्याच दिवशी मी दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईंना म्हटलं, “मला ह्या फेकायच्या वस्तू नकोत. दुसरं काही असेल तर सांगा, नाहीतर घरीच बसते मरेपर्यंत.”

त्यांनी कपाट उघडून एक चड्डी काढली. साधी, कापडी, फक्त मधला भाग जाड. “ही धुवून पुन्हा वापरायची. खूप बायका वापरतात. सांगत कुणी नाही, एवढंच.”

घरी येऊन मी ती घालून पाहिली. भिजू देत नव्हती, पण पायाशी रुतत होती आणि बसलं की मागून खाली ओढली जात होती. मग मी ती काढली, धुतली, वाळवली आणि चक्क उसवली.

“अगं, नवी आहे ना ती?” हे म्हणाले.

“नवी आहे, पण ज्यानं हिचं आसन बेतलंय, तो आयुष्यात कधी खुर्चीवर बसलेला नाही.”

उसवल्यावर सगळं गुपित टेबलावर आलं. वर मऊ सुती कापड, मध्ये टॉवेलसारख्या कापडाच्या तीन घड्या, सगळ्यात खाली रबरी लेप दिलेलं, पाणी न सोडणारं कापड. एवढंच? या एवढ्यासाठी मी चार वर्षं तोंड लपवलं? दुसऱ्या दिवशी कामावर जाताना कापड घेतलं, जेवणाच्या सुट्टीत माझ्या मापानं कागद कापला, आसन मागे दोन बोटं वाढवलं, पायाला मऊ पट्टी दिली. सगळे थर एकावर एक ठेवले, हलू नयेत म्हणून टाचण्या लावल्या, कडेनं टीप मारली. बत्तीस वर्षांचा हात. अर्ध्या तासात चड्डी तयार. इतकी देखणी झाली की मलाच माझं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती घालून मी कामावर गेले. ना आवाज, ना टोचणं. दुपारी एक बाई नवऱ्याची पँट घेऊन आली. “यांचं पोट कमी होणार नाही, तुम्ही पँटच वाढवा,” म्हणाली. आणि मी हसले! ओठ उघडून, चांगली खळखळून हसले.

उठले, तर खुर्चीच्या राखाडी गादीवर ओले ठिपके. पटकन कोटाचं कापड त्यावर टाकलं आणि पाठ खिडकीला लावून उभी राहिले, गल्लीत भिंतीला लावली होती तशीच. मनात म्हटलं, संपलं बाई. तुझ्या नशिबी काळी पिशवीच.

पण नजर काही त्या ठिपक्यांवरून हटेना. कापड जरा सरकवून पुन्हा पाहिलं. ठिपके कसेही पडले नव्हते. एका ओळीत होते. दोन ठिपक्यांमध्ये बरोबर दोन बोटांचं अंतर.

दोन बोटांवर टाचणी मी लावते! पहिल्या दिवसापासून, प्रत्येक कापडाला. लेपाच्या कापडाला टाचणी लागली की भोक पडतं आणि ते काही बुजत नाही. बत्तीस वर्षांचा हात म्हणे! शिकाऊ मुलगीसुद्धा एवढी चूक करणार नाही, कारण तिला टाचण्या लावायचाच कंटाळा असतो.

“कटर,” मी आमच्या कापड बेतणाऱ्याला हाक मारली, “रेनकोट शिवताना तुम्ही कापड धरता कशानं?”

“चिमट्यांनी. वाळत घालायच्या,” तो मान वर न करता म्हणाला. “टाचणी लावलीत का काय, बाई?”

“माझं डोकं!”

“माझंही एकदा झालंय. गिऱ्हाईक आत भिजून आलं होतं,” तो म्हणाला. कसला रेनकोट, कुणाचा, काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

त्या दिवशी घरी जाताना मी डझनभर चिमटे घेतले. पुढची चड्डी चिमट्यांनी धरून शिवली आणि घालण्याआधी परीक्षा घेतली. बादलीवर ताणली, वर पेलाभर पाणी ओतलं, खाली आमचे हे उकिडवे बसून बघत राहिले.

“काही दिसतंय का?”

“नाही.”

“नीट बघा!”

“अगं, बसची टाकी तपासलीय मी आयुष्यभर. गळत नाही म्हटलं ना!”

आठवडाभर घातली. बसले, उठले, ओझी उचलली, मुद्दाम जिने चढले. नंतर सहा शिवल्या. धुवायचं काम यांनी स्वतःहून घेतलं. आधी गार पाण्यात खळबळून, मग साबण, मग ऊन. मी म्हटलं, मागच्या बाजूला वाळत घाला, चादरीआड. तर हे म्हणाले, “मागे ऊन कुठे येतं?” आणि सहाच्या सहा पुढच्या गॅलरीत टांगल्या.

खालून मास्तरीणबाईंनी मान वर केली. “हे काय नवीन? कुणाच्या म्हणायच्या ह्या?”

मी आत वळणार होते. पण हे दोरीशी चिमटा हातात धरून थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी कठड्याशी आले.

“माझ्या! ते पेन्शन घेणारं बाळ मीच, मास्तरीणबाई. मीच शिवल्यात.”

बाईंचा चेहरा काठीसारखा ताठ झाला. काहीतरी पुटपुटून त्या आत गेल्या. आणि मला जे काही हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याच दुपारी ताईकडची दोन तिकिटं काढायला सांगितली.

बसमध्ये मी चार वर्षांनी खिडकीशी बसले. शेजारी बसून हे ड्रायव्हरच्या प्रत्येक ब्रेकला नाक मुरडत होते. चौथ्या तासाला पुढच्या बाईनं अंगाला फवारायचं अत्तर असं काही उडवलं की मला शिंका आल्या. एक, दोन, तीन, सणसणीत. यांनी ब्रेकचं सोडून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तसे हे सीटवर असे ताठ बसले, जणू बस स्वतःच चालवतायत.

ताईच्या घरी पोचलो तेव्हा भाचेसुनेनं दार उघडलं. यांना तिथेच बाहेर बसवलं आणि मला खोलीकडे बोट दाखवलं. ताई खिडकीकडे तोंड करून पलंगावर बसली होती. किती वाळली होती! मान वळवून म्हणाली, “आलीस? मी तर अजून मेले नाही.”

“म्हणूनच आले.”

“गुडघा?”

“गुडघ्याला काहीही झालेलं नाही, ताई. कधीच झालं नव्हतं.”

तिचा चेहरा कडू झाला. “म्हणजे यायचंच नव्हतं. तेच म्हणत होते मी.” आणि पाठ फिरवायला ती पलंगावर सरकली.

सरकली तसा आवाज आला. कागद चुरगाळल्यासारखा. तिनं झटकन माझ्याकडे पाहिलं, मी ऐकलं का म्हणून.

जगातल्या कुठल्याही गर्दीत मी तो आवाज ओळखला असता. मी दार लोटलं, तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, “किती वर्षं झाली?”

“कशाला?”

“ताई.”

तिनं पुन्हा तोंड फिरवलं. मग खिडकीकडे बघतच म्हणाली, “तीन. सुनेला धड सांगताही येत नाही. बाहेर जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. तू आली असतीस तर तुझ्यासमोर हसले असते आणि... बरंच झालं म्हणायची मी, नाही येत ते. आणि वर रागही यायचा.”

“मला चार झाली,” मी म्हटलं. “गुडघा म्हणजे तेच.”

तीन वर्षं आम्ही एकाच गोष्टीपायी एकमेकींपासून तोंड लपवून बसलो होतो. मला रडू फुटलं, तिलाही फुटलं. असली वर्षं कुणी उसवून परत देत नाही.

मग मी नाक पुसलं आणि बॅग उघडली. सहा घडी केलेल्या, आणि एक डबाभर चिमटे. “उठ. घालून बघ.”

“तुझी चड्डी मी घालू?”

“लहानपणी तुझे जुने फ्रॉक माझ्या अंगात चढवायचीस, तेव्हा विचारलं होतंस?”

तिनं घातली. माझी चड्डी तिच्या कमरेवर दोन ठिकाणी ढगळ होऊन लोंबली. आवळायचं माप घ्यायला मी सवयीनं टाचणी शोधायला लागले आणि कपाळावर हात मारला, टाचणी नाही लावायची, टाचणी नाही! आणि डब्यातले चिमटे काढून तिच्या कमरेला लावत सुटले. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन मागे.

ताईनं हात पसरून आरशात पाहिलं. पाऊण शतक जगलेली बाई, कमरेभोवती लाल-निळे चिमटे.

“काय गं,” ती म्हणाली, “आता वाळत घालतेस की काय मला?”

झालं. एवढं पुरलं. मी पलंगावर कोसळले, ती माझ्यावर. तोंड मिटलं नाही, मांड्या आवळल्या नाहीत. पोट दुखेपर्यंत, श्वास अडकेपर्यंत हसलो. भाचेसून घाबरून दारात आली, मागून आमचे हे डोकावले आणि तिला म्हणाले, “काही नाही, चालू दे. यांना एका पंगतीत बसवत नसत.”

हसू ओसरल्यावर ताई उठून बसली. हळूच हात मागे नेला, चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे बघून कुजबुजली, “धाकटे, कोरडी.”

“मीही.”

दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेच्या मशीनवर मी तिच्या मापाच्या चार शिवल्या. धुऊन वाळत घालायला निघाले, तर ताई म्हणाली, “थांब, मी येते.” तीन वर्षांनी ती अंगणात आली. रस्त्यावरून ओळखीची एक बाई चालली होती, ती थांबली. “अगंबाई, बाहेर कशा आज? आणि हे काय घालताय दोरीवर?”

“माझ्या बहिणीनं शिवलंय,” ताई म्हणाली. पुढचा चिमटा तिनं माझ्या हातून घेतला, कापड झटकून सरळ केलं आणि रस्त्याच्या बाजूला, उन्हात लावलं.